पुढच्या मंगळवारी पुन्हा मॅटवर: गोव्यात ग्रॅपलिंग शिकू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

डिचोलीहून म्हापशाला आठवड्यातून तीन संध्याकाळी मी ग्रॅपलिंगच्या वर्गाला जातो, त्याला आता पाच वर्षं होतील. वय एकेचाळीस, नोकरी टेबलावरची, स्पर्धा जिंकायची ईर्ष्या नाही. तरी या खेळाने मला जेवढं दिलं तेवढं दुसऱ्या कुठल्या छंदाने दिलेलं नाही. गेल्या वर्षभरात ओळखीच्या चार-पाच जणांनी विचारलं, "आम्हालाही यायचंय, सुरुवात कशी करायची?" त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते इथे सलग लिहितो.

सगळ्याला मी एकच कसोटी लावतो. आज जे करतोय त्यानंतर पुढच्या मंगळवारी मी पुन्हा मॅटवर उभा राहू शकेन का? डाव कुठला शिकायचा, जोडीदार कोण निवडायचा, औषध कधी आणायचं, सगळं या प्रश्नावर ठरवा. आपल्यासारखा हौशी माणूस मागे पडतो तो खंड पडल्यामुळे.

आधी काय शिकायचं ते ठरवा

ठोसे-लाथा न मारता धरून, पाडून, दाबून, सांध्याला कुलूप लावून किंवा गळा आवळून झुंजायचं, त्याला ग्रॅपलिंग म्हणतात. कुस्ती, ज्युदो, साम्बो, ब्राझिलियन जिऊ-जित्सू ही त्याची घराणी. यात ठोसे, लाथा, कोपर, गुडघे मिळवले की एमएमए होतं.

एमएमए बघून या वाटेला लागलेल्यांनीही सुरुवात जिऊ-जित्सूनेच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बॉक्सिंग किंवा किकबॉक्सिंगच्या झुंजीत डोक्याला मार बसतो, आणि तो साठत जातो. जिऊ-जित्सूत डोक्यावर प्रहार नसल्यामुळे जवळजवळ पूर्ण जोर लावून रोज सराव करता येतो आणि दुसऱ्या दिवशी कामावरही जाता येतं. चाळिशीत, पन्नाशीत सुरू केलेली माणसं आमच्याच वर्गात आहेत.

याचा उगम थोडक्यात सांगतो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान सुरू करून ज्युदोचा पाया घातला. त्यांच्या परंपरेतला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला आणि पुढे त्याने कार्लोस ग्रेसीला शिकवलं. ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरच्या झुंजीवर भर दिला. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्वरला यूएफसी या एमएमए भरवणाऱ्या संस्थेची पहिली स्पर्धा झाली. रॉयस ग्रेसी हा दिसायला अगदी साधा, सडपातळ माणूस. त्याने एका रात्रीत तिघांना हरवून ती जिंकली, आणि जमिनीवर लढता न येणाऱ्याची काय गत होते ते जगाला दिसलं.

ज्यांच्या घरात तालमीची परंपरा आहे त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. आमच्या वर्गात मूळचे आजऱ्याचे एक काका आहेत. म्हापशात त्यांचं कापडाचं दुकान आहे, तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत घुमलेले. पट काढण्यात, म्हणजे पाय धरून पाडण्यात, त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण पहिले दोन महिने दर वेळी एकच घडायचं. खाली गेले की पाठ टेकू नये म्हणून काका पालथे व्हायचे, आणि मागून गळ्यात हात यायचा. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, निकाल लागला. जिऊ-जित्सूत पाठीवर पडलेला माणूसही पाय वापरून लढतो, त्याला गार्ड म्हणतात. पालथं होणं मात्र इथे सर्वांत धोक्याचं. अंगात मुरलेली ती सवय मोडायला काकांना चार महिने लागले.

जागा बघायला स्वतः जा

गोव्यात वर्ग विखुरलेले आहेत. पणजी, म्हापसा, मडगाव या शहरांत आणि हणजूण, आसगाव, शिवोली, मांद्रे, हरमल या किनारपट्टीत चौकशी करा. किनाऱ्याकडच्या काही जागा पर्यटनाच्या हंगामावर चालतात, तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: जून ते सप्टेंबर वर्ग चालू असतो का? ऑक्टोबरात उत्साहाने नाव घालायचं आणि मे महिन्यात दार बंद, असं झालं की पुन्हा सुरुवात शून्यापासून.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा: परत कसा येणार? वर्ग रात्री साडेआठ-नऊला सुटला तर डिचोली, साखळी, वाळपईकडे कदंबाच्या बसच्या भरवशावर राहू नका. दुचाकी असली तरी दमलेल्या हातांनी पावसात पंचवीस किलोमीटर चालवणं सोपं नाही. सामान्य पण जवळचा वर्ग हा उत्तम पण लांबच्या वर्गापेक्षा बरा, कारण तिथे तुम्ही खरंच जाल.

मग एक दिवस नुसतं बसून बघा. मॅट पुसलेली आहे का, आणि वर्गाआधी-नंतर कोणी पुसतं का? झुंज चालू असताना प्रशिक्षकाचे डोळे मॅटवर आहेत की मोबाईलवर? जुने विद्यार्थी नवख्यांशी कसे खेळतात? वर्गात मुली, बायका आहेत का, आणि त्या महिनोन्महिने टिकून आहेत का? यातून त्या जागेची रीत जेवढी कळते तेवढी भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवरून कळत नाही. प्रशिक्षकाला पट्टा कोणी दिला, हे विचारायलाही संकोच करू नका. जिऊ-जित्सूत गुरुपरंपरा उघड सांगायची पद्धत आहे, आणि खरा माणूस आनंदाने सांगतो.

मी पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेलो तिथे यातलं काहीच पाहिलं नव्हतं. नाव घेत नाही. पहिल्याच संध्याकाळी, टॅप म्हणजे हार मानायची खूण, हेसुद्धा न सांगता, माझ्यापेक्षा पंचवीस किलोंनी जड असलेल्या मुलाबरोबर मला उतरवलं. त्याने आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायचं कुलूप, लावला, मी दात-ओठ खाऊन हात सोडवत राहिलो, आणि कोपरात करकचून आवाज झाला. सहा आठवडे तो हात सरळ होत नव्हता. त्या मुलाला मी दोष देत नाही. नवख्याला अशा झुंजीत ढकलणाऱ्या माणसाला देतो.

सामानाला सुरुवातीला खर्च नको

पहिला महिना घट्ट टी-शर्ट, खिसे आणि चेन नसलेली अर्धी चड्डी आणि मॅटबाहेर घालायला चपला पुरतात. टिकाल असं वाटलं की गी घ्या. गी म्हणजे ज्युदोसारखा जाड सुती पोशाख. नवीन गी धुतल्यावर आटतो, तेव्हा बाहीला दोन बोटं जास्त बघून घ्या. गीशिवायच्या वर्गासाठी रॅशगार्ड, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा ताणता सदरा, लागतो. दातांचं कवच पहिल्या झुंजीपासून वापरा. नखं वर्गाच्या दिवशी सकाळी कापा, हाताची आणि पायाचीही.

पहिला दिवस

वर्गाआधी दोन तास पोटभर खाऊ नका. गोव्याच्या दमट हवेत तासाभरात अंगावरचा कपडा पिळून पाणी काढावं इतका घाम जातो, म्हणून दिवसभर पाणी पीत राहा. मी वर्गाहून आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत दोन पेले पितो.

दोन हालचाली पहिल्या आठवड्यात शिकवतील. पाठीवर पडून, एका पायाने जमीन रेटून, कंबर मागे सरकवायची, तिला श्रिम्प म्हणतात. ती कंटाळवाणी वाटेल. तरी घरी रोज सतरंजीवर वीस-वीस वेळा करा, कारण खालून सुटण्याचे निम्मे डाव तिच्यावरच उभे आहेत.

दुसरी हालचाल जवळून बघू. समोरचा तुमच्या पोटावर बसलाय, त्याला माउंट म्हणतात. नवखा माणूस दोन्ही हातांनी त्याची छाती ढकलतो. तसं केलं की हात सरळ होतात आणि आर्मबार आयता मिळतो. त्याऐवजी कोपरं बरगड्यांना चिकटवा. त्याचा एक हात तुमच्या छातीजवळ आला की मनगट आणि कोपराच्या वर असा दोन ठिकाणी धरून छातीशी दाबा. आता त्याच बाजूचा तुमचा पाय त्याच्या पावलाबाहेर टेकवून ते पाऊल अडकवा. त्या बाजूला त्याला टेकायला हातही उरला नाही आणि पायही. टाचा कंबरेजवळ ओढा आणि कंबर सरळ वर, छताकडे, उचला. त्याचं वजन तुमच्या डोक्याकडे गेलं की मग अडकवलेल्या बाजूच्या खांद्यावरून वळा. आधी वर, मग बाजूला. सगळे नवखे आधी बाजूला वळतात आणि अर्ध्यात अडकतात. मला हा क्रम अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. ज्या दिवशी नव्वद किलोंचा माणूस माझ्यावरून कलंडला, त्या दिवशी मी गाडी चालवत घरी येताना एकटाच हसत होतो.

आणि श्वास. पहिल्या झुंजीत प्रत्येक जण श्वास रोखून धरतो आणि दोन मिनिटांत संपतो. नाकाने श्वास चालू आहे का, एवढंच बघत पहिला महिना काढला तरी चालेल.

टॅप

समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोन-तीनदा स्पष्ट थापट मारणं म्हणजे टॅप. हात अडकले असतील तर पायाने मॅटवर मारा, किंवा तोंडाने "टॅप" ओरडा. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं, हा या खेळाचा पहिला नियम. तो पाळत नसलेल्या माणसाबरोबर पुन्हा उतरू नका, आणि वर्गच तसा असेल तर वर्ग बदला.

कधी टॅप करायचं? सांध्याच्या कुलपात दुखायला लागायच्या आधी. हात सरळ झाला आणि सुटायची वाट दिसत नाही, एवढं कळलं की पुरे. टाच पिळण्याच्या डावात, म्हणजे हील हुकमध्ये, तर दुखल्याचं कळेपर्यंत गुडघ्याचे बंध तुटलेले असू शकतात. हा डाव गीच्या स्पर्धांत बंद आहे आणि नवख्यांना कुठेच लावू देत नाहीत. पहिली दोन वर्षं त्याच्या वाटेला जाऊ नका.

गळ्याच्या डावांचं वेगळं आहे. नीट लागलेला चोक श्वासनळी दाबत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो, मेंदूकडे जाणारं रक्त थांबतं आणि दहा सेकंदांच्या आत-बाहेर शुद्ध हरपते. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि तिथेच फसतो. कानात गुणगुण, नजरेच्या कडेला अंधार वाटला की उशीर झालेला आहे. जोडीदार मऊ पडल्यासारखा वाटला तर त्याने टॅप केलं नसलं तरी सोडा आणि त्याला उताणा निजवा. काही सेकंदांत डोळे उघडतो. त्याला लगेच पाणी पाजू नका आणि त्या दिवशी पुन्हा उतरू देऊ नका. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आला नाही तर १०८ ला फोन करा.

मी दर संध्याकाळी सहा-सात वेळा टॅप करतो. प्रत्येक वेळी विचारतो, "आधी कुठे चुकलो?" आमचे सर म्हणतात, "सवकास रे, कुलूप लागायच्या दोन पायऱ्या आधी बघ." तेवढं एक वाक्य मनात ठेवलं तर झुंज संपल्यावर शिकवणी सुरू होते.

पावसाळा आणि कातडी

यावर मी मुद्दाम लांब लिहितोय, कारण गोव्यात ग्रॅपलिंग सोडणारे मला जास्त भेटले ते दुखापतीपेक्षा खाजेमुळे. घाम, अंगाला अंग आणि जून ते सप्टेंबरची ओल मिळाली की गजकर्ण, नायटा पसरायला वेळ लागत नाही.

वर्ग सुटल्यावर शक्यतो तिथेच आंघोळ करा, नाही तर घरी येताच, चहाच्याही आधी. ओला गी गाडीच्या डिकीत रात्रभर राहता कामा नये. त्याच रात्री धुवा, पट्टाही धुवा. पट्टा धुतला तर त्यातली विद्या जाते, असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

खरी अडचण वाळवण्याची. जुलैत आमच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, टांगलेला गी तिसऱ्या दिवशीही ओलाच असायचा. अंगाचं कापड वाळलेलं वाटतं, पण कॉलर जाड आणि आतून शिवलेली. ती दोन बोटांत धरून गालाला लावा. गार लागली तर आत ओल आहे. आता मी गी उलटा करून, कॉलर उभी राहील असा रुंद हँगरवर घालून घरात पंख्याखाली टांगतो, आणि पावसाळ्यात दोन गी आलटून पालटून वापरतो. ते जमत नसेल तर ते चार महिने रॅशगार्डवरच सराव करा. तो रातोरात वाळतो.

अंगावर लाल, गोल, कडा उठलेला चट्टा दिसला की त्या दिवसापासून मॅट बंद. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. मी हे केलं, आणि दोन आठवड्यांत निभावलं असतं त्याला अडीच महिने लागले. थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, सांगतील तितके दिवस औषध पूर्ण करा, आणि सरांना कळवा. लपवलं तर सगळा वर्ग आजारी पडतो.

कान घासून सुजला, मऊ फुगा आला, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडून रक्त काढून घ्या. राहिलं तर कूर्चा कडक होऊन पैलवानाचा कान कायमचा होतो. शेजारच्या मावशीने मला गाठून विचारलं होतं, "कितें जालें रे कानाक?" तोवर वेळ गेली होती.

पहिलं वर्ष

आठवड्यातून दोन दिवस पुरेत, तीन उत्तम. रोज जाणारे नवखे दोन महिन्यांत थकून गायब होतात. पहिले सहा महिने सुटण्याचे डाव शिका, म्हणजे माउंटमधून, बाजूने छातीवर दाबून धरलेल्यापासून, पाठीवर बसलेल्यापासून. सुटता येतं हा विश्वास आला की भीती जाते आणि मग हल्ला करायचं सुचतं. जोडीदार निवडताना तुमच्यापेक्षा जुना आणि शांत माणूस शोधा. दोन नवखे एकमेकांवर तुटून पडले की इजा होते.

पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असे आहेत. निळ्याला दोन वर्षं आणि काळ्याला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणून पट्ट्याकडे डोळे लावून बसू नका. चवथीला घरोघर आठ-दहा दिवस वर्ग सुटतो, तिथून परतायचं राहून जातं. परतीचा दिवस आधीच ठरवून ठेवा, आणि पहिला आठवडा हळू खेळा.

गोव्यात राहण्याचा एक मोठा फायदा आहे. नोव्हेंबर ते मार्च देशोदेशीचे जुने खेळाडू सुट्टीला येतात आणि कुठल्या ना कुठल्या वर्गात पाहुणे म्हणून उतरतात. तपकिरी, काळ्या पट्ट्याचा माणूस समोर असला की संकोच न करता विनंती करा. मी आजवर विचारलं आणि कोणी नाही म्हटलं, असं झालेलं नाही.

एमएमए बघायला शिका

अमेरिकेतली शनिवार रात्रीची यूएफसी आपल्याकडे रविवारी सकाळी येते. सुरुवातीला सगळं बघू नका. एक मुख्य लढत निवडा आणि ती दोनदा बघा.

साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, अजिंक्यपदाची पाच फेऱ्यांची. तीन पंच प्रत्येक फेरीला गुण देतात. जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला बहुतेक वेळा ९, एकतर्फी झाली तर ८. आधी बघतात ते प्रहार आणि ग्रॅपलिंगचा प्रत्यक्ष परिणाम. तो अगदी बरोबरीचा असेल तरच आक्रमकता आणि मग पिंजऱ्यावरचा, म्हणजे जाळीच्या आखाड्यावरचा, ताबा. म्हणून पाडून नुसतं धरून बसलेल्याला फार गुण मिळत नाहीत. हे कळलं की "तो तर वर होता, हरला कसा?" हा प्रश्न उरत नाही. पुरुषांचे आठ वजनगट आहेत, ५६.७ किलोपासून १२०.२ किलोपर्यंत. खेळाडू वजन-मोजणीआधी पाणी तोडून किलोच्या किलो उतरवतात. तसलं हौशी माणसाने कधीही करू नये.

ग्रॅपलिंग समजून घ्यायला खबीब नुरमागोमेदोव्ह बघा. २९ लढती, एकही हार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अबू धाबीत जस्टिन गेजीला त्याने दुसऱ्या फेरीत पायांच्या त्रिकोणात गळा धरून संपवलं, आणि तिथेच निवृत्ती जाहीर केली. चार्ल्स ऑलिव्हेराच्या नावावर यूएफसीत सर्वाधिक सबमिशन विजय, म्हणजे कुलूप किंवा चोक लावून मिळवलेले, आहेत. तो पाठीवर पडूनही किती धोकादायक असतो ते बघा. आपल्या माणसांमध्ये भरत खंडारे २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. तो हरला, पण त्याने वाट उघडली. अंशुल जुबलीने फेब्रुवारी २०२३ मध्ये रोड टू यूएफसी ही स्पर्धा जिंकून यूएफसीचा करार मिळवला, आणि जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

बघताना ठोशांवरून नजर काढून पायांकडे न्या. कोण पिंजऱ्याला पाठ लावतोय, कोणाचं डोकं खाली आहे, पाडल्यावर खालच्याची कोपरं अंगाशी आहेत की नाहीत. तुम्ही स्वतः माउंटखाली दोन महिने काढले असतील तर त्या पाच मिनिटांतला प्रत्येक श्वास कळतो.

गेल्या हंगामात एका रविवारी काका आमच्याकडे सकाळच्या लढती बघायला आले होते. एकाने झटकन खाली वाकून दुसऱ्याचा पाय उचलला, तसे काका खुर्चीवरून उठलेच. "आरं, ह्यो तर आपला एकेरी पट!" मंगळवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला तो तीनदा लावून दाखवला. कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, दोन्ही पंजे गुडघ्यामागे एकात एक, आणि ओढायच्या आधी आपलं पाऊल त्याच्या उभ्या पायाच्या जवळ. चौथ्यांदा मी लावला. काका म्हणाले, "डोकं वर ठेव. खाली घातलंस की गळा गेला."